दुरुस्तीचं कलम

1929 साली अखिल भारतीय चरखा संघानं एक बक्षीस जाहीर केलं. रक्कम एक लाख रुपये, आणि ती सुधारलेल्या नव्या चरख्यासाठी. गांधीजींच्या पुढाकारानं निघालेल्या या जाहिरातीचा उल्लेख खादीच्या इतिहासात येतो आणि एक-दोन ओळींत संपतो. वाचणाऱ्याच्या लक्षात राहते ती रक्कम. मला मात्र त्या जाहिरातीतल्या अटी पुन्हा पुन्हा वाचायला आवडतात. मजकूर कोरडा आहे, अलंकाराला त्यात जागा नाही. पण प्रत्येक अटीमागे एक माणूस उभा आहे आणि तो हळूहळू दिसू लागतो. हा मजकूर वाचायला वर्धा ही योग्य जागा. त्यातही आश्रमाच्या सावलीत नको, आर्वी नाक्याकडच्या एखाद्या मोटारसायकलच्या गॅरेजात, ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसून वाचावा.

अटी साधारण अशा. चरखा हलका हवा, इकडून तिकडे नेता यावा, खेड्यातल्या घरात हातानं किंवा पायानं चालवता यावा. बाईला तो आठ तास फारसे कष्ट न पडता चालवता आला पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि तो हिंदुस्थानात तयार व्हावा. बांधणी भक्कम हवी. वेळच्या वेळी निगा राखली तर किमान वीस वर्षं तो न अडता चालावा. दुरुस्तीचा वर्षाचा खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. पेटंट संशोधकानं आपल्या नावावर खुशाल घ्यावं, पण बक्षीस हवं असेल तर त्याचे हक्क चरखा संघाकडे सोपवावेत. आठ तासांत किती सूत निघावं, किती नंबरचं निघावं, याचंही माप दिलेलं होतं.

आधी क्रमाकडे पाहू. यंत्र किती काम करील हे कुणीही विचारतो. इथे त्या प्रश्नाच्या आधी बाईची पाठ येते. आठ तास बसून जिचा हात फिरणार आहे तिचा खांदा, तिची कंबर हेच यंत्राचं पहिलं माप. कुठल्याही मोटारसायकलच्या माहितीपत्रकात सीसी, ताकद आणि ॲव्हरेज आधी असतं; चालवणाऱ्याच्या मणक्याचा विषय निघालाच तर सीटच्या फोमपाशी निघतो. जुन्या स्कूटरची किक मारताना ज्यांच्या नडगीला लिव्हरनं प्रसाद दिला आहे त्यांना या अटीची किंमत वेगळी सांगायला नको.

पण माझा जीव जडला आहे तो दुरुस्तीच्या कलमावर. पाच टक्के. दीडशेचे पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. जाहिरात लिहिणाऱ्यांना चरखा मोडतो हे पक्कं ठाऊक आहे. चाती वाकते, माळ तुटते, चातीच्या आधाराचं चामडं झिजतं. चातीला नखभर बाक आला तरी ती थरथरते आणि सूत तुटत राहतं. तो बाक स्वतः काढता येणं ही कातणाऱ्याची प्राथमिक गोष्ट मानली जाई. गांधीजी स्वतः रोज कातत, म्हणून बिघाड हा त्यांच्या लेखी अपघात नव्हता, रोजच्या व्यवहाराचा भाग होता. जाहिरातीत तो लाजून झाकलेला नाही. त्याला किंमत लावली आहे, वरची मर्यादा घातली आहे आणि वीस वर्षांच्या आयुष्यात त्याची जागा नेमून दिली आहे. ‘वेळच्या वेळी निगा राखली तर’ ही पुरवणी तर मला फारच आवडते. यंत्राकडून वीस वर्षांची हमी मागताना माणसाकडूनही काही मागितलं आहे. करार दोन्ही बाजूंनी आहे.

याच्या शेजारी दुसरी एक जाहिरात ठेवून पाहा. 1985 मध्ये हीरो होंडाची सीडी 100 आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची घोषणा देशभर गाजली. घोषणा म्हणून ती अव्वल होती, आणि खोटीही नव्हती. फोर-स्ट्रोक शंभर सीसीचं ते इंजिन खरंच कमी पेट्रोल पीत होतं आणि क्वचितच रुसत होतं. पुढे 1994 मध्ये स्प्लेंडर आली, आणि आज वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, मग ते समुद्रपूर असो की कारंजा घाडगे, दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांच्या बुडाखाली तिचीच भावंडं दिसतात. पण या दोन जाहिरातींतला माणूस वेगळा आहे. एकीतल्या माणसानं यंत्राची आठवण ठेवायची आहे, दुसरीतल्यानं यंत्र विसरायचं आहे. विसरलेल्या गाड्या शेवटी कुठे येतात हे गॅरेजवाल्यांना विचारा. टॅपेट वाजतंय, टायमिंग चेन खडखडतेय, ऑइलच्या जागी काळी शाई, एअर फिल्टरमध्ये शेतातली अर्धी माती. “भाऊ, गाडीची चूक नाई हे,” मिस्त्री म्हणतो, “लोकं मोबाईलले पैसे देते, ऑइलले नाई देत.”

आता वर्धा. 1934 मध्ये गांधीजी इथे आले, 1936 मध्ये शेगावला राहायला गेले; त्याच शेगावचं पुढे सेवाग्राम झालं. 1938 च्या डिसेंबरात त्यांच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झालं. तिथे चरख्यांच्या पिढ्याच्या पिढ्या मांडून ठेवल्या आहेत, आणि वरच्या अटी डोक्यात घेऊन त्यांच्यापुढून फिरलं की प्रत्येक चरखा परीक्षेला बसलेला वाटतो. याच परिसरात मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा विद्युत अभियंता, आश्रमात ज्याला भारतानंद म्हणत, धनुष-तकलीच्या खटपटीत रमला होता. कारखान्यातली मोठमोठी यंत्रं हाताळलेला माणूस बांबूच्या धनुकलीवर अक्कल पणाला लावतो, यात मला तरी उतरण दिसत नाही. कमीत कमी सुट्या भागांत काम भागवणं हे अभियंत्यासाठी अवघडच काम आहे. जमनालाल बजाजांच्या फोर्ड मोटारीला बैल जुंपल्याची आणि तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हटलं गेल्याची गोष्टही इकडे सांगतात. इंजिन थकलं की बैल, हीही दुरुस्तीचीच एक तऱ्हा. पाच टक्क्यांत बसली असती की नाही, ते वैरणीच्या भावावर अवलंबून.

या जमनालालांना ज्यांच्या घरी दत्तक घेतलं ते वर्ध्याचे शेठ बच्छराज. 1945 मध्ये त्यांच्या नावानं बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन सुरू झालं. 1948 पासून ते परदेशी दुचाक्या-तिचाक्या आणून विकू लागलं, 1959 मध्ये त्या इथेच बनवायचा परवाना मिळाला आणि 1960 पासून कंपनी बजाज ऑटो झाली. पियाजिओ या इटालियन कंपनीशी करार करून आकुर्डीला व्हेस्पा बनू लागली. 1971 मध्ये करार संपला, पुढच्या वर्षी चेतक आली. जमनालाल 1942 मध्येच गेले होते. त्यांनी यातलं काही पाहिलं नाही. पण ज्या घरानं गांधीजींना वर्ध्यात आणलं त्याच घराच्या पेढीतून देशातली सर्वात ओळखीची स्कूटर निघाली. तेव्हा चरख्याचं दुरुस्तीचं कलम चेतकला लावून पाहण्यात मी काही ओढूनताणून करतोय असं मला वाटत नाही.

चेतकची मूळ कल्पना कोरादिनो दास्कानियो या विमानं आणि हेलिकॉप्टरं रचणाऱ्या अभियंत्याची. 1946 मध्ये व्हेस्पा रस्त्यावर आली. या गृहस्थाला मोटारसायकल आवडत नसे. साखळीच्या ग्रीसनं पाटलोण खराब होते, पंक्चर झालं की चाक काढायचा खटाटोप, बसायला टांग टाकावी लागते, या त्याच्या तक्रारी. तक्रार करणाऱ्या माणसानं रचलेलं यंत्र कसं असतं ते पाहा. साखळी नाहीच; इंजिन मागच्या चाकाच्या शेजारी, गिअरमधून थेट चाकाला. पुढचं चाक दोन दांड्यांच्या फोर्कमध्ये अडकवलेलं नाही, एका बाजूच्या आधारावर टांगलेलं, जसं विमानाचं उतरायचं चाक असतं. म्हणून नट काढले की चाक बाजूला निघतं. पुढचं-मागचं चाक एकच, मागे स्टेपनी तयार. रिमही दोन अर्ध्या थाळ्या नटांनी जोडून केलेली. टायर उचकटायला लोखंडी पट्ट्या लागत नाहीत, नट सोडले की ट्यूब हातात. पंक्चर होणार हे गृहीत धरूनच चाकाची रचना झाली आहे. चरख्याच्या जाहिरातीतल्या पाच टक्क्यांमागे जी समजूत आहे ती इथे पोलादात उतरली आहे.

आणि चेतक कलंडवणं! किक मारून मारून घाम फुटला की स्कूटर एका अंगावर झुकवायची, क्षणभर तशीच धरायची, मग उभी करून किक. टाकीच्या तळाचं पेट्रोल पुढे सरकतं, असं चालवणारा सांगे. फ्लोटच्या वाटीत पेट्रोल चढतं, असं मिस्त्री सांगे. कारण काहीही असो, एका अख्ख्या पिढीतल्या प्राध्यापकांना, कारकुनांना, डॉक्टरांना आपल्या गाडीच्या पोटात पेट्रोल कुठून कुठे जातं याचा अंदाज होता. कॉलेजच्या पोरांना प्लग काढता येत असे. आज गाडी बंद पडली की आपण बटण दाबत राहतो.

प्लगकडे थोडा वेळ थांबायला हवं, कारण खरं बारकाईचं वाचन तिथे होतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबरच ऑइल जळतं. चेतकसाठी लिटरला साधारण वीस मिली. जळताना त्याचा काही अंश प्लगच्या टोकावर बसतो. मिस्त्री प्लगपाना फिरवतो, प्लग बाहेर काढतो, आणि बोलायच्या आधी त्याचं तोंड उजेडाकडे धरतो. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे, दुखणं दुसरीकडे शोधा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहा, चोक अडकलाय का पाहा. ओलं काळं आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त पडतंय, किंवा सील गेलं आणि गिअरबॉक्सचं ऑइल आत शिरतंय. फोर-स्ट्रोक असेल तर रिंगा झिजल्या. पांढरा, भाजल्यासारखा प्लग सर्वात वाईट; हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन जिवावर आलंय. मग पॉलिश पेपरनं टोक घासायचं, गॅप हॅक्सॉ ब्लेडच्या पात्यानं मापायची, प्लग कॅपमध्ये खोचून सिलिंडरच्या हेडला टेकवायचा आणि किक मारून ठिणगी पाहायची. ठिणगी निळी आणि कडक हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर कॉइलकडे किंवा पॉइंटकडे जायचं. हे सगळं पाच मिनिटांत, एका पान्यावर आणि कागदाच्या तुकड्यावर होतं. साडेसात रुपयांत बसेल अशी ही विद्या आहे.

मे महिन्यात वर्ध्याचा पारा सेहेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा वाचायला दुसरा मजकूर मिळतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ऑइल कमी पडलं, किंवा गार हवा फेकणाऱ्या पंख्याच्या वाटेत, फिन्समध्ये कचरा आणि कापसाचं तूस साचलं, आणि वर तिघं बसून पुलगावकडून निघाले, की पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला धरतो. इंजिन जाम. मागचं चाक जागीच लॉक होतं. क्लच वेळेत दाबला नाही तर गाडी आडवी. सावलीत तासभर उभी केली की बहुधा किक पुन्हा फिरते, पण भिंतीवर ओरखडे राहिलेले असतात. मग लेथवाल्याकडे जायचं. बोअर मारायचा, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठा करून घासायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन-रिंगा टाकायच्या. हे ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. पुढचे टप्पे संपले की नवी स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा पहिल्या मापापासून सुरुवात.

या टप्प्यांवर माझा विशेष लोभ आहे. पाव मिलिमीटर मोठा पिस्टन कंपनीच्या यादीत आहे, याचा अर्थ यंत्र रचणाऱ्यानं त्याच्या म्हातारपणाचा विचार टेबलावरच केला होता. झिजणार, तेव्हा असं करा. मग पुन्हा झिजणार, तेव्हा तसं करा. ‘वीस वर्षं’ हा आकडा अशा ठिकाणाहून येतो. काही नव्या गाड्यांत सिलिंडरला आतून इतका पातळ आणि कठीण मुलामा दिलेला असतो की बोअर मारताच येत नाही. अख्खा सिलिंडर-पिस्टनचा संच बदलायचा. तो मुलामा जास्त टिकतो, हे खरंच आहे. पण टिकून संपतो, आणि संपल्यावर हिंगणघाटच्या लेथवाल्याकडे त्याच्यासाठी काही नसतं.

बुलेटवाल्यांविषयी लिहिताना सांभाळून लिहावं लागतं, ती जमात हळवी असते. मद्रासला 1955 मध्ये सुरू झालेली ही 350 सीसीची गाडी बिडाच्या इंजिनासह जवळजवळ 2010 पर्यंत तशीच बनत राहिली. तिचे भक्त आवाजाबद्दल बोलतात. मला तिचा ॲमीटर अधिक काव्यमय वाटतो. पॉइंटवाल्या जुन्या बुलेटची किक आंधळेपणानं मारली तर ती उलटी लाथ घालते. म्हणून किकवर हलकेच पाय ठेवून इंजिन फिरवायचं. पॉइंट जुळले की हेडलाइटशेजारचा काटा उणेकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा मध्यावर आणून डीकॉम्प्रेसरचा खटका दाबायचा, पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे सरकवायचा, मग पूर्ण किक. सराव झालेला माणूस शांतपणे एकाच किकेत गाडी चालू करतो आणि पलीकडे दुसरा पैलवान घामाघूम झालेला असतो. इंजिनाच्या पोटात काय चाललंय हे काटा बाहेर सांगतो, आणि ऐकून घेणाऱ्यालाच गाडी उठते.

तिचं टॅपेट लावायला फिलर गेजही लागत नाही. बाजूचं छोटं झाकण एका नटवर; ते काढलं की दोन पुशरॉड समोर. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून रॉड बोटांत धरून फिरवायचा: सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळता कामा नये. माप बोटांत आहे. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, म्हणून एकाचं दुखणं काढताना दुसऱ्याचं पोट फाडावं लागत नाही. बाकी ही गाडी ऑइल गाळते, थरथरून नट सैल करते, आणि पाच टक्क्यांच्या कलमात नापास होते यावर तिच्या मालकांच्या बायकांचं एकमत आहे.

यंत्र उघडं असलं की बिघाडाचा शोध किती साधा होऊ शकतो, याचा गॅरेजांत सांगितला जाणारा एक नमुना. गाडी सहा-सात किलोमीटर चालते, मग दम तुटून बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की सुरू. पुन्हा तेच. मालकानं प्लग बदलला, कॉइल बदलली, कार्बोरेटर खोलून जेट फुंकले. मिस्त्री आला, त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत ‘फुस्स’ असा आवाज झाला, आणि त्यानं खिशातली पिन काढून झाकणातलं हवेचं बारीक भोक साफ केलं. भोक बुजलेलं, त्यामुळे पेट्रोल उतरेल तशी टाकीत हवेची पोकळी, म्हणून पेट्रोल खाली यायचं थांबलेलं. थांबल्यावर हवा कुठूनतरी झिरपे आणि गाडी पुन्हा चाले. वाचताना समासातली टीप राहून जावी तसं ते भोक राहून गेलं होतं.

आता या मजकुरात जे नाही त्याकडे. जाहिरातीत बाई चालवणारी आहे, आठ तास कातणारी आहे. दुरुस्ती कोण करणार, हे लिहिलेलं नाही. साडेसात रुपये कुणाच्या हातात जाणार? सुताराच्या, लोहाराच्या, की वाचवून तिच्याच? नई तालीमच्या विचारात, 1937 च्या वर्धा परिषदेपासून, हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यावर आणून त्या रिकाम्या जागेला एक उत्तर देण्याचा प्रयत्न झाला: हत्यार ज्याचं, समज त्याची. पण गॅरेजात पाहा. जिल्ह्याच्या रस्त्यांवर स्कूटी चालवणाऱ्या मुली, शिक्षिका, आशाताई सकाळ-संध्याकाळ दिसतात. दहा-अकराचा पाना हातात घेतलेली बाई जवळपास दिसतच नाही. चालवणारा हात आणि उघडणारा हात वेगळा राहिला. जाहिरात तिथे गप्प आहे आणि आपणही ती जागा भरली नाही.

पेटंटची अट शेवटी येते आणि पहिल्यांदा वाचताना ती कायद्याचा उपचार वाटते. तिच्यावाचून मात्र आधीच्या सगळ्या अटी कोसळतात. सुटा भाग एकच कंपनी बनवणार असेल तर पाच टक्के हा आकडा तीच ठरवणार. शोध लावणाऱ्याला एक लाख एकरकमी द्यायचे आणि त्या बदल्यात कुठल्याही गावच्या सुताराला तो चरखा बनवायची, खोलायची मोकळीक घ्यायची, असा तो सौदा होता. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि गावोगावच्या मिस्त्र्यांना ही अट न वाचताच कळली. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा ईसीयू. मीटरवर पिवळा दिवा लागतो. तो का लागला हे स्कॅनर सांगतो, आणि कंपनीचा स्कॅनर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात असतो. बाजारात इतरही स्कॅनर मिळतात, हुशार पोट्टे ते शिकूनही घेतात. पण प्लगचं काळं तोंड कुणाच्या परवानगीवाचून वाचता येत होतं. ग्राहक व्यवहार विभागानं 2022 च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी क्षेत्रं घेतली. नव्वद वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतलं शेवटचं कलम तिथे नव्या भाषेत पुन्हा लिहिलं जात आहे.

न्यायाला धरून हेही म्हणायला हवं की ज्या यंत्राचं मी कौतुक केलं ते धूर ओकत होतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा काही भाग न जळताच सायलेन्सरमधून निघून जातो. चौकातल्या निळ्या धुरात चेतकचा वाटा मोठा होता. तिला जावंच लागलं. 2009 मध्ये कंपनीनं स्कूटर बनवणंच थांबवलं. आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डमध्ये घट्ट बसलेला असताना पहिल्या बटणाला सुरू होणारी फ्युएल इंजेक्शनची गाडी ज्याला नको असेल त्यानं खुशाल कार्बोरेटरचे पोवाडे गावेत. 1929 च्या जाहिरातीलाही हेच आडवं आलं. किर्लोस्करवाडीत बनलेलं यंत्रही त्या स्पर्धेत उतरलं होतं, पण बक्षीस कुणालाच मिळालं नाही. भरपूर सूत काढायचं तर यंत्रात भाग वाढतात, भाग वाढले की बिघाड वाढतो, आणि दुरुस्ती सुताराच्या हाताबाहेर जाते. वेग आणि दुरुस्ती यांची ओढाताण त्या अटींमध्येच लिहिलेली आहे, आणि मला वाटतं लिहिणाऱ्यांना ती दिसत असावी.

वीस वर्षांचा आकडा आज कुठे उभा आहे? खाजगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी, नूतनीकरण, हरित कर. म्हणजे चरख्याकडून जितकं आयुष्य मागितलं होतं त्याहून कमी आयुष्य आपला कायदा गाडीला पहिल्या खेपेला देतो. पाच टक्क्यांचा हिशेब मात्र साध्या गाडीला अजून जमतो. ऐंशी हजारांची शंभर सीसीची गाडी धरली तर वर्षाला चार हजार. ऑइल, फिल्टर, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेटचा वाटा धरूनही गावच्या मिस्त्रीकडे त्यात भागतं. अटी वाचून दाखवल्यावर गॅरेजातला मिस्त्रीही इथेच मान हलवतो, “हे तं बरोबर हाये.” मग स्कॅनरवाल्या गाड्यांकडे हनुवटीनं खूण करतो आणि काही बोलत नाही.

2020 च्या जानेवारीत चेतक हे नाव परत आलं, विजेवर. प्लग नाही, पिस्टन नाही, कलंडवायला पेट्रोल नाही. झिजणारे भाग इतके थोडे की पाच टक्क्यांचं कलम ती पहिली काही वर्षं हसत पाळील; धुराचा जुना आरोपही मिटला. तिचा सगळा जीव एका सीलबंद लिथियम बॅटरीत आहे, आणि ती उघडणं आर्वी नाक्यावरच्या कुणाचंही काम नाही. बॅटरीची हमी सुरुवातीला तीन वर्षं किंवा पन्नास हजार किलोमीटर अशी दिली होती. जाहिरातीतल्या वीसमधून तीन गेले की सतरा उरतात, आणि त्या सतरा वर्षांचा हिशेब गाडी घेणाऱ्यानं स्वतःच मांडायचा असतो.